‘ती लागते कुठे?’ : तरुण प्रेक्षक हातचे निसटताना एका बास्केटबॉल संघाने काय केलं

## पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला हा मधल्या फळीतला संघ. शहर फार मोठं नाही. संघ एखाद्या वर्षी प्लेऑफ (नियमित हंगामानंतरची विजेतेपदाची फेरी) गाठतो, एखाद्या वर्षी थोडक्यात हुकतो. नाव, शहर आणि माणसांची ओळख झाकली आहे. ऑक्टोबर 2023 पासून दोन हंगाम मी या संघाच्या प्रेक्षक विभागाबरोबर काम केलं. त्यामुळे खाली जिथे चुका दाखवल्या आहेत, त्यांतल्या काही माझ्याही आहेत.

आधी पैसा कुठून येतो ते बघू, कारण पुढचे सगळे वाद तिथेच येऊन अडतात. एनबीएत 30 संघ आहेत आणि प्रत्येकाचे नियमित हंगामात 82 सामने होतात. टीव्हीचा पैसा दोन खिशांत येतो. पहिला खिसा लीगचा. देशभर दिसणाऱ्या सामन्यांचे हक्क लीग एकत्र विकते आणि रक्कम संघांमध्ये वाटते. 2014 मध्ये झालेला करार 9 वर्षांचा आणि 24 अब्ज डॉलरचा होता. जुलै 2024 मध्ये डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी झालेला नवा करार 11 वर्षांचा आणि सुमारे 76 अब्ज डॉलरचा आहे. प्रेक्षक घटताहेत म्हणून इतकी वर्षं ओरड चालली असताना वर्षाची किंमत अडीच पटीच्या वर गेली, हे बाहेरच्या माणसाला कोडं वाटतं. त्यात कोडं काही नाही. लोक ठरलेल्या वेळी एकत्र बसून बघतात असं टीव्हीवर आता फारसं काही उरलेलं नाही. जे उरलंय त्यात थेट खेळ वरच्या नंबरावर आहे.

दुसरा खिसा संघाचा स्वतःचा. उरलेले सामने संघ आपल्या भागातल्या क्रीडा वाहिनीला विकतो. ही वाहिनी केबलच्या पॅकेजमध्ये असते, म्हणजे सामना बघणारा आणि न बघणारा दोघंही तिचे पैसे भरतात. लोक केबल तोडायला लागले आणि हे गणित बसेना. अशा वाहिन्यांची देशातली सर्वांत मोठी मालक कंपनी डायमंड स्पोर्ट्स ग्रुप मार्च 2023 मध्ये दिवाळखोरी न्यायालयात गेली. आमच्या संघाचा करारही अशाच एका डगमगत्या वाहिनीशी होता. हप्ते अजून येत होते, पण दर महिन्याला वित्त विभागाचा जीव टांगणीला लागायचा.

## खुल्या सरावाचा रविवार

नोव्हेंबरातल्या एका रविवारी संघाने सराव लोकांसाठी खुला ठेवला होता. कठड्याला लोंबकळणाऱ्या पोरांत साधारण बारा वर्षांचा एक मुलगा आमच्या गार्डची, म्हणजे बॉल खेळवत नेणाऱ्या आमच्या स्टार खेळाडूची, स्टेप-बॅक हुबेहूब करून दाखवत होता. एक ड्रिबल, झटकन मागे पाऊल, उडी, आणि बॉल बास्केटमध्ये पडायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागणं. शेवटची ती बेफिकिरीसुद्धा त्याने उचलली होती. गार्डच्या बुटाचं पुढचं मॉडेल कोणत्या रंगात येणार, हेही त्याला ठाऊक होतं.

मार्केटिंगच्या प्रमुखांनी कौतुकाने विचारलं, “काल रात्री आपण कोणाशी खेळलो?”

मुलाला सांगता येईना.

“बरं, जिंकलो की हरलो?”

तेही नाही. आजूबाजूचे हसले.

“पूर्ण मॅच बघत नाहीस का रे तू?”

“ती लागते कुठे?” मुलाने सरळ विचारलं.

यावर कोणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मात्र हाच किस्सा ‘नव्या पिढीची एकाग्रता संपली’ याचा पुरावा म्हणून सांगण्यात आला. त्या सांगण्यात मुलाचा शेवटचा प्रश्न गाळला होता.

## अडचण नेमकी कोणती

एकाग्रतेचं निदान सोयीचं असतं. दोष पोरांचा ठरतो आणि आपल्याला काही बदलावं लागत नाही. पण हीच पोरं एखाद्या स्ट्रीमरला, म्हणजे स्वतःचं गेमिंग इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्याला, तासन्‌तास खेळताना बघतात. सव्वादोन-अडीच तासांच्या सामन्याला ती कंटाळतात असं म्हणण्याआधी सामना त्यांच्यापर्यंत पोचतो का, हे तपासायला हवं होतं.

सोशल मीडिया सांभाळणाऱ्या मुलीने ते तपासलं. तिने आमच्या क्लिपखालच्या प्रतिक्रिया चाळल्या आणि ‘कुठे बघायचं’ या अर्थाच्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. मग स्वतः केबल नसलेल्या घरी बसून आमचा एक सामना कायदेशीरपणे बघायचा प्रयत्न केला. वाहिनीचं अ‍ॅप केबलचा ग्राहक क्रमांक मागत होतं. लीगची स्वतःची सेवा, म्हणजे लीग पास, पैसे घेऊन बहुतेक सामने दाखवते, पण ज्या भागात संघ आहे त्याच भागात त्या संघाचे सामने तिथे बंद असतात. कारण तिथले हक्क स्थानिक वाहिनीला विकलेले असतात. याला ब्लॅकआउट म्हणतात. थोडक्यात, दुसऱ्या खंडातला मुलगा आमचा सामना आरामात बघू शकत होता आणि स्टेडियमपासून चार चौक अलीकडे राहणारा बघू शकत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

क्लिपचं काय? इथे एनबीएचं धोरण इतर लीगच्या मानाने आधीपासून मोकळं. चाहत्यांनी तुकडे पसरवले तर पसरवू दे, असं. लीगचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी क्लिपना एकदा तोंडीलावण्याची उपमा दिली होती. ते फुकट वाटलं तरी लोक जेवायला येतीलच, असा त्यांचा हिशेब. हिशेबात खोट नव्हती. पण आमच्या शहरात जेवणाचा पत्ताच कोणी दिला नव्हता, आणि पोरांनी तोंडीलावण्यावरच पोट भरायची सवय करून घेतली होती.

क्लिपची आणखी एक गंमत आहे, जी माझ्या उशिरा लक्षात आली. क्लिपमध्ये खेळाडू दिसतो, सामना दिसत नाही. 24 गुणांनी मागे पडल्यावर मारलेला डंक (उडी मारून बॉल थेट बास्केटमध्ये कोंबणं) आणि बरोबरी साधणारा डंक मोबाइलवर सारखेच दिसतात. गुणसंख्या, उरलेला वेळ, कोणाचे किती फाउल झालेत, आधी तोच खेळाडू दोनदा चुकला होता का, हे सगळं कापलेलं असतं. मुलांना खेळ आवडत होता. त्यातला ताण त्यांनी कधी अनुभवलाच नव्हता.

## समोरचे पर्याय

उन्हाळ्यापर्यंत चार वाटा टेबलावर होत्या.

पहिली, काहीच न करणं. वाहिनी हप्ते देते तोवर घ्यायचे. वित्त विभाग हाच आग्रह धरून होता आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. खेळाडूंचे पगार त्यातूनच होत होते.

दुसरी, संघाचं स्वतःचं पैसे देऊन बघायचं अ‍ॅप. लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सनी 2022 मध्ये असं केलं होतं. त्यात वेगवेगळ्या समालोचनांचे पर्यायही होते. पण आपल्या मुलाला बास्केटबॉल आवडेल की नाही हे ठाऊक नसताना कोणते आईबाप त्याचे पैसे भरतील? आधीच पक्के असलेले चाहते यात येतात. नवे येत नाहीत.

तिसरी, फुकट टीव्ही. अँटेना लावला की दिसणाऱ्या स्थानिक वाहिनीवर सामने द्यायचे आणि सोबत अ‍ॅप ठेवायचं. फिनिक्स आणि युटा या दोन संघांनी 2023 मध्ये ही वाट धरली होती. फिनिक्सला तर त्यासाठी जुन्या वाहिनीशी न्यायालयात झगडावं लागलं. इथे हमीचे पैसे जातात, जाहिरातीचा धोका संघाच्या गळ्यात येतो, पण दार सर्वांना उघडं होतं.

चौथी, क्लिप वाढवणं, इन्फ्लुएन्सर आणणं, रंगीबेरंगी जर्सी काढणं. स्वस्त, दिसायला झकास आणि बैठकीत सर्वांना आवडणारी. मीही सुरुवातीला हिच्याच बाजूने होतो.

मालकांनी कौल तिसरीला दिला. कारण कोणाला अपेक्षित नव्हतं ते. त्यांनी विचारलं, “मी लहान असताना आमच्याकडे पैसे नव्हते, तरी मला या संघाचं वेड का लागलं?” रेडिओ आणि फुकट वाहिनी, एवढंच उत्तर होतं. अर्थात जुनी वाहिनी पुढच्या हप्त्यात कपात मागत होती, त्यामुळे निर्णय जरा सोपाही झाला. नुसत्या आठवणींवर कोणी हमीचं उत्पन्न सोडत नाही.

## केलेले उपाय

2024-25 च्या हंगामापासून स्थानिक सामने फुकट वाहिनीवर दिसू लागले. संघाने अँटेना वाटले. त्यात एक मजा झाली. अनेक तरुण घरांत टीव्हीला अँटेना लावतात हेच माहीत नव्हतं, आणि तो कुठे खुपसायचा याचा व्हिडिओ बनवावा लागला. त्या महिन्यातल्या कुठल्याही डंकपेक्षा तो जास्त शोधला गेला.

खरा बदल क्लिपच्या कात्रीत झाला. पूर्वी सामना संपल्यावर सगळ्यात देखणे तुकडे टाकले जायचे. सोशल मीडियावाल्या मुलीने ते उलटं केलं. सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा भाग, म्हणजे तिसरा क्वार्टर, संपता संपता, सामना चुरशीचा असेल तरच, ती एक तुकडा टाकायची. डंक नाही, अडचण. म्हणजे आमचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) पाचव्या फाउलवर आहे, सहावा झाला की बाहेर, आणि समोरचा संघ मुद्दाम त्याच्याच अंगावर चाल करून येतोय. तुकडा तिथेच तुटायचा. खाली एक ओळ: शेवटचा क्वार्टर आत्ता सुरू, अमुक वाहिनी, किंवा इथे दाबा.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. लीगने 2018 मध्ये लीग पासवर फक्त चौथा क्वार्टर 1.99 डॉलरला विकायला सुरुवात केली होती. अर्धवट सामन्यालाही गिऱ्हाईक आहे, हे तेव्हाच दिसलं होतं. आम्ही तोच दरवाजा फुकट उघडला.

तीन आठवड्यांत बैठकीत खडाजंगी झाली, कारण क्लिपचे व्ह्यूज घसरले. घसरणारच. अडचणीचा तुकडा डंकइतका व्हायरल होत नाही. मार्केटिंगने उपक्रम बंद करायचा प्रस्तावच आणला. संपूर्ण प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण मला हाच वाटतो, आणि तो फक्त एका प्रश्नाने सावरला गेला. त्या मुलीने विचारलं, “मला पगार व्ह्यूजचा मिळतो की प्रेक्षकांचा?” त्यानंतर मोजमाप बदललं. क्लिपवरून किती जण थेट सामन्याकडे आले आणि त्यातले किती शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबले, हे दोनच आकडे तिच्या अहवालात उरले. तिचा वार्षिक बोनस मात्र व्ह्यूजला बांधलेला होता. तो बदलायला आणखी चार महिने गेले, याची मला आजही लाज वाटते.

वेळेचा प्रयत्न फसला. साडेसातला सुरू होणारा सामना दहाच्या आसपास संपतो. शेवटची दोन मिनिटं घड्याळात दोनच असतात, पण टाइमआउट, फ्री थ्रो आणि पंचांनी व्हिडिओ तपासणं यांत बारा-पंधरा सहज जातात. शाळा असलेल्या रात्री मूल नेमकं तेव्हा झोपायला पाठवलं जातं. लीगने 2017 मध्ये टाइमआउटची कमाल संख्या 18 वरून 14 वर आणली, त्याने थोडा फरक पडला. आम्ही काही सामने साडेसहाला मागितले. तिकीट विभागाने कडाडून विरोध केला. ऑफिसातून निघालेला माणूस ट्रॅफिकमधून पोचणार कधी? पहिल्या क्वार्टरला पुढच्या महागड्या खुर्च्या रिकाम्या दिसतील, तेही टीव्हीवर. शेवटी रविवार दुपारचे मोजके सामने पदरात पडले.

## जिथे तोंडघशी पडलो

त्या रविवारांपैकी एक ‘मुलांचा दिवस’ म्हणून जाहीर केला. दोन महिने जाहिरात, शाळांना तिकिटं, सगळ्या पोस्टरवर तोच गार्ड. सामन्याच्या दीड तास आधी खेळाडूंची यादी आली. गार्ड विश्रांतीवर. आदल्या रात्री परगावी सामना झाला होता, आणि लागोपाठच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या गुडघ्यावर ताण नको, असं वैद्यकीय पथकाने ठरवलं होतं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. लीगने 2023 मध्ये नियम आणला, की स्टार खेळाडूंना उगाच बसवू नये, आणि देशभर दिसणाऱ्या सामन्यांत तर ते उपलब्ध असलेच पाहिजेत. पण आमचा तो सामना देशभर दिसणारा नव्हता. नियम टीव्हीच्या प्रेक्षकासाठी होता, तिसऱ्या मजल्यावर त्याच्या नंबरची जर्सी घालून बसलेल्या चौथीच्या वर्गासाठी नव्हता. गार्ड बेंचवर राखाडी स्वेटशर्टात बसला होता. पहिल्या टाइमआउटला एका मुलीने तिच्या शिक्षकांना विचारलं, “तो कधी येणार?” ते मला दोन रांगा मागे ऐकू आलं.

चूक आमची होती आणि अगदी बाळबोध होती. वेळापत्रकात लागोपाठचे दिवस ऑगस्टमध्येच दिसतात. मार्केटिंगने ते पाहिले नाहीत, वैद्यकीय पथकाला कोणी विचारलं नाही, आणि मी दोघांच्याही बैठकांना बसत होतो.

स्ट्रीमरचा प्रयोग अर्धाच चालला. अ‍ॅपवर दुसरं समालोचन म्हणून लोकप्रिय गेमिंग स्ट्रीमर आणला. त्याला खेळ कळत नव्हता, पोरांनी ते पाच मिनिटांत ओळखलं आणि त्याचीच टर उडवली. पुढे एका माजी महिला खेळाडूला आणलं. ती स्क्रीनवर रेघा ओढत सांगायची, “बघा, आता हा उजवीकडे जाणारच, कारण डावीकडे त्याला मदत येतेय.” ती टिकली. तरुणांसाठी सोपं करायचं म्हणजे पातळ करायचं, हा आमचा समज तिथे मोडला.

मग ट्रेडचा, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, धक्का. हंगामाच्या मध्यावर त्या गार्डलाच दुसऱ्या संघाला दिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवलं तेव्हा चाहते स्टेडियमबाहेर निषेधाला उभे राहिले, ते जगाने पाहिलं. आमच्याकडे निषेध झाला नाही. पोरं मुकाट्याने त्याच्या मागे नव्या संघाकडे गेली. मला तो निषेध परवडला असता. चिडणारा माणूस निदान तुमचा असतो.

## काय हाती लागलं

संघाने आकडे छापायला परवानगी दिलेली नाही, म्हणून दिशा तेवढी सांगतो. स्थानिक सामने पोचणारी घरं बरीच वाढली. टीव्हीचं उत्पन्न पहिल्या वर्षी घटलं. जाहिरातींनी त्यातला काही भाग भरून काढला, सगळा नाही. चौथ्या क्वार्टरला अ‍ॅपवर येणाऱ्यांमध्ये तरुण वाढले. त्यातले काही हळूहळू तिसऱ्या क्वार्टरपासून येऊ लागले. पहिल्या क्वार्टरपासून बघणारे अजूनही बहुतांशी जुनेच आहेत. तिकीटविक्रीवर परिणाम झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षी संघ बरा खेळला आणि जिंकणाऱ्या संघाची तिकिटं तशीही खपतात.

गार्ड गेल्यावर जी पोरं राहिली, त्यांत शेवटचा क्वार्टर नेमाने बघणारी जास्त होती. नुसत्या क्लिपवर असलेली बहुतेक गेली. माझ्या दृष्टीने या दोन वर्षांत सापडलेली सर्वांत कामाची गोष्ट ही.

## आता करायचं तर

कात्रीचा प्रयोग पहिल्याच दिवशी सुरू करायला हवा होता. अँटेना, करार, न्यायालय यांची वाट बघत आम्ही एक अख्खा हंगाम घालवला. तेव्हाही ‘कुठे बघायचं’ ही ओळ क्लिपखाली टाकता आली असती, मग उत्तर कितीही गैरसोयीचं असो.

मुलांचा दिवस एका खेळाडूच्या चेहऱ्यावर उभा करायला नको होता. आणि स्टार बसणारच असेल तर सामन्याआधी अर्धा तास त्याला कठड्यापाशी उभं करता आलं असतं. स्वेटशर्टात का होईना. तो तयार होता, असं नंतर कळलं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मोजमाप आधी ठरवायचं, मग काम सुरू करायचं, हे आम्ही उलट्या क्रमाने केलं. आणि बोनस त्याच दिवशी बदलायचा. माणूस अहवालासाठी एक करतो आणि पगारासाठी दुसरं, हे सगळीकडे सारखंच.

फुकट टीव्हीचा निर्णय मात्र मी पुन्हा तसाच घेईन, जरी त्याचा अर्धा फायदा लीगच्या नव्या कराराने खाल्ला. 2025-26 पासून देशभर दिसणारे सामने सोमवारी पीकॉक या एनबीसीच्या स्ट्रीमिंग सेवेवर, मंगळवारी एनबीसीवर, बुधवारी ईएसपीएनवर, शुक्रवारी बहुधा प्राइम व्हिडिओवर असतात. आमचा संघ बरा खेळल्यामुळे त्यातले जास्त सामने आमच्या वाट्याला आले, म्हणजे तेवढे आमच्या फुकट स्थानिक वाहिनीच्या हातून गेले. चांगलं खेळल्याची ही शिक्षा.

ऑगस्ट 2025 मध्ये नवं वेळापत्रक आलं तेव्हा फ्रिजवर चिकटवायचा एक चुंबकी तक्ता छापायला घेतला. प्रत्येक सामन्यापुढे तो लागतो कुठे, ते रंगाने दाखवायचं. छापखान्याने विचारलं, किती रंग लागतील? आम्ही मोजायला बसलो. तीनमध्ये भागेल असं वाटलं होतं. सहा लागले.